फक्त फिनिशिंग राहिलंय

पुतण्याच्या परसातला स्विमिंग पूल संक्रांतीला पूर्ण झाला. होळीलाही झाला. गुढीपाडव्याला तर त्याच्यापुढे नारळ फुटला, आणि अक्षय्य तृतीयेला तो चौथ्यांदा पूर्ण झाला. दर वेळी फक्त फिनिशिंग राहिलं होतं.

हा शब्द गवंड्याच्या थापीवरून मराठीत उतरला आणि उतरताना उलटा पडला. साहेबाच्या देशात फिनिश म्हणजे संपणं. आपल्याकडे ज्या कामाचं फिनिशिंग सुरू झालं, ते आता संपत नाही एवढं नक्की समजावं. पाया दहा दिवसांत होतो, कारण पाया कुणाला दिसत नाही. भिंती महिन्यात उठतात. मग फिनिशिंग लागतं आणि घरातली मुलं वरच्या वर्गात जातात.

मुळात घोळ नावापासूनच होता. पुतण्यानं जेवताना जाहीर केलं, "परसात पूल बांधायलोय."

माझी माय शहाऐंशी वर्षांची आहे. तिचे कान शाबूत आहेत आणि तर्क कानांपेक्षा. तिनं घास ताटात ठेवला. "पूल? आन् पलीकडं कोन ऱ्हातंय आपलं?"

"तसला पूल नाही गं आजी. पोहायचा पूल."

"पव्हता येतंय तर पूल कशाला लागतोय रे?"

याला उत्तर नव्हतं. मी चाळीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं, मलाही सुचलं नाही. आमच्या भागात पूल म्हटलं की गोदावरीवरचा रेल्वेचा. सरस्वतीचं देऊळ असलेलं तेलंगणातलं बासर मागं टाकलं की तो लागतो. पूल म्हणजे पाण्याच्या वरून, कोरड्या पायानं जायची सोय. पुतण्यानं पैसे मोजून पाण्याच्या आत जायची सोय काढली होती आणि नाव तेच ठेवलं होतं.

धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं तेलंगणाकडचं टोक. इथं घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि भांडणात निजामाच्या राज्यापासून टिकून राहिलेली उर्दू चालते. गावाची ओळख मिरची. गाडी स्टेशनात शिरायच्या आधीच प्रवाशांना शिंका सुरू होतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, आणि त्याला थोडं तिखटमीठ आम्हीही लावतो. मिरचीला भाव लागला की इथला माणूस एक तर मजला चढवतो नाही तर पोरीचं लग्न काढतो. पुतण्याचा मजला चढून झाला होता आणि पोरगी तिसरीत होती. तेव्हा पैसा खाली, जमिनीत गेला.

खरं कारण मात्र साडू. हैदराबादजवळ त्याच्या साडूचं फार्महाऊस आहे आणि तिथं अठरा फुटी पूल आहे. म्हणून आमचा वीस फुटी. लांबी वीस, रुंदी दहा, खोली चार. आठशे घनफूट, म्हणजे साडेबावीस हजार लिटर. मी हा हिशेब कागदावर मांडून दाखवला. पुतण्यानं कागद बघितला आणि विचारलं, "काका, साडूचा किती येतो?"

खोदकामाची जागा ठरली ती परसातला पारिजातकाजवळचा कोपरा. म्हणजे बरोबर जिथं आमची विहीर होती. पंधरा वर्षांपूर्वी बोअर घेतल्यावर याच पुतण्यानं ती पडक्या भिंतींचा मलबा टाकून बुजवली होती. तेव्हा मलबा आणायला ट्रॅक्टरचे पैसे दिले, आता तोच मलबा काढायला जेसीबीचे दिले. आई खिडकीत बसून जेसीबी बघत होती. "बुजवायची व्हती कशाला मग?" एवढंच ती दिवसातून दोन वेळा म्हणायची. सकाळी चहाच्या वेळी एकदा, आणि जेसीबीवाल्याला हजेरी देताना एकदा.

मी त्या विहिरीत पोहायला शिकलो. शिकलो हे क्रियापद थोडं आगाऊ आहे. कमरेला वाळलेला भोपळा बांधायचा, आणि चुलत्यानं मागून ढकलायचं, ही आमची संपूर्ण शिकवणी. दुसऱ्या उन्हाळ्यात भोपळा जाऊन तेलाचा रिकामा डबा आला, तिसऱ्या उन्हाळ्यात डबाही गेला. नाकातोंडात पाणी जायचं आणि चुलते काठावर बिडी ओढत "हात मार, हात मार" म्हणायचे. परीक्षा एकच, वर येणं. माझ्या पिढीतले सगळे पास झाले. आता पुतण्याच्या लेकीसाठी गॉगल, टोपी, दोन फुगे आणि एक गुलाबी बदक आलं होतं. पाणी यायचं होतं.

खोदताना मलब्याखाली विहिरीचे जुने घडीव दगड लागले, आणि दगडांच्या खाली गाळात एक पितळेचा तांब्या. काळा पडलेला, काठाला चेमटलेला, पण बुडावर आजोबांच्या नावाची अक्षरं कोरलेली. आईनं तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही. आमच्या घरी याला महत्त्व आहे. हा तांब्या एक्केचाळीस वर्षांपूर्वी हरवला होता, आणि तेव्हापासून तो लातूरला आहे असं आईचं ठाम मत होतं. लातूरला माझी थोरली बहीण असते. अक्का बाळंतपणाहून सासरी गेली आणि तांब्या दिसेनासा झाला. दोन आणि दोन आईनं मिळवले. हे गणित चुकतंय असं मी तेव्हाही म्हणालो होतो, पण घरात मास्तरांचं ऐकतो कोण.

तांब्या आईनं कपाटात ठेवून दिला आणि मला बजावलं, "अक्कीला सांगू नगंस."

काळ्या मातीत पूल बांधणं हे इंजिनिअरच्या मते धाडस होतं. ही माती कापूस छान देते, पण पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात ती भिंतीला आत ढकलते आणि उन्हाळ्यात भिंतीची साथ सोडते. एकंदर स्वभाव जावयाचा. म्हणून खोलवर मुरूम भरला, त्यावर लोखंड, त्यावर काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंगचे थर. एका शेजाऱ्यानं सुचवलं, "शेततळ्याचा कागद अंथरा की, पाचशे मायक्रॉनचा. काम खतम." सल्ला वाईट नव्हता. आमच्याकडच्या शेतकऱ्याला पाणी अडवायचं कसं हे इंजिनिअरपेक्षा बरं कळतं. पण कागदावर निळी टाइल बसत नाही, आणि साडूकडं निळी टाइल होती.

मी इंजिनिअरला सांगितलं की मोहेंजोदडोच्या लोकांनी साडेचार हजार वर्षांपूर्वी बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल स्नानकुंड बांधलं आणि विटांच्या मागं डांबराचा थर देऊन पाणी अडवलं. तो हसला आणि म्हणाला, "सर, त्यांना काळी माती नव्हती." मेस्त्री बाजूलाच उभे होते. त्यांनी विचारलं, ते कुंड आता कुठं आहे? म्हटलं, आहे अजून, पण लोक नाहीत. मेस्त्रींनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिथंही फिनिशिंग राहिलं असणार.

मेस्त्री नदीपलीकडचे, तेलुगू बोलणारे. त्यांचा हात सोन्याचा होता यात वाद नाही. अडचण फक्त 'रेपु' या शब्दाची होती. तेलुगूत रेपु म्हणजे उद्या. टाइलचं काम कधी? रेपु. पायऱ्या? रेपु. कधी कधी फार गळ घातली तर 'एल्लुंडि' म्हणजे परवा, पण ते अपवादानं. प्लंबर उर्दू बोलणारा होता आणि तो 'कल' म्हणायचा. ही उर्दूची खुबी आहे. कल म्हणजे उद्याही आणि कालही, त्यामुळे 'कल आया' आणि 'कल आऊंगा' यांतलं अंतर ऐकणाऱ्यानं भरून काढायचं. इलेक्ट्रिशियन आपला मराठी माणूस. तो सरळ सांगायचा, "उद्या येतो." त्याचा अर्थ मात्र तिघांत सगळ्यात अंधुक होता. तीन भाषांच्या गावात राहण्याचा फायदा हाच की इथं एकच काम तीन उद्यांवर ढकलता येतं.

फिनिशिंग म्हणजे नेमकं काय काय, हे सांगायला बसलो तर हा लेखही पावसाळ्यात जाईल. एक उदाहरण देतो. तळाला उतार द्यायचा असतो, म्हणजे पूल रिकामा करताना सगळं पाणी जाळीच्या तोंडाशी गोळा होतं. मेस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढली, दोनदा तपासली, आणि चार बादल्या ओतल्या. पाणी शांतपणे जाळीच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात जाऊन बसलं. तिथं त्याला काही कामही नव्हतं. मेस्त्री पाण्याकडं बघत राहिले, मग नळीकडं, मग आकाशाकडं. शेवटी म्हणाले, "नीळ्ळु तप्पु." पाण्याचं चुकलंय. तो सबंध कोबा फोडून पुन्हा केला.

टाइलचा निळा कोणता, यावर घरात दोन आठवडे गेले. सूनबाईंना आकाशी हवा होता, पुतण्याला साडूपेक्षा गडद, पोरीला गुलाबी. काचेच्या चौकोनी तुकड्यांची शीट येते, जाळीवर चिकटवलेली. अशा दोनशेवर शीटा लागल्या आणि त्यातली एक, फक्त एक, तिरकी बसली. खोल बाजूला, डाव्या हाताला. ती इतर कुणाला दिसत नव्हती, पण पुतण्याला तिच्याशिवाय दुसरं काही दिसेना. येणाऱ्याजाणाऱ्याला तो स्वतःच ती बोट दाखवून सांगायचा आणि मग "पाण्याखाली काय कळतंय" असं स्वतःची समजूत घालायचा. फटीत भरायच्या इपॉक्सीचा एक डबा कमी पडला, तर नांदेडला तो रंग नव्हता, हैदराबादहून बसमध्ये टाकून आणला. शिडी आली ती डाव्या हाताची. दिवा लागला तो पिवळा. एकदा रात्री पाणी नसलेल्या पुलात पिवळा उजेड पडला तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं आमच्याकडं जागरण-गोंधळ आहे, आणि दोघंजण संबळ घेतलेला माणूस ओळखीचा आहे का, हे विचारून गेले.

मग पाणी.

बोअरचं पाणी घरापुरतं. मेमध्ये तेही नळाला खाकरून खाकरून येतं. म्हणून पाच हजार लिटरचे पाच टँकर सांगितले. हिशेब माझाच, पण एक गोष्ट मी धरलीच नव्हती. आमच्या गल्लीत टँकर शिरला की घागरी आपोआप रांगेत लागतात. टँकर कुणाचा, कुणासाठी, हे कुणी विचारत नाही. टँकर म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे सगळ्यांचं. पुतण्या पाइप खांद्यावर घेऊन मागं परसात वाट बघत राहिला आणि पुढं गल्लीत पहिला टँकर रिकामा झाला. त्याला नाही म्हणता येईना. काय सांगणार? मावशी, घागर बाजूला घ्या, मला पोहायचंय? दुसरा टँकर अर्धा पोचला. पाचाचे सात झाले. सातव्याला गल्लीतल्याच बायांनी हाकलत परसात नेलं, "जाऊ द्या आता, त्याला बी पव्हू द्या."

पूल भरला. पुतण्यानं काठावर पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली बोटभर. तिसऱ्या दिवशी दोन बोटं.

घरावर अवकळा आली. पाणी झिरपतंय का उडतंय? मेचं ऊन, पारा चव्वेचाळीसला टेकलेला. दोनशे चौरस फुटांवरून सेंटिमीटरभर उडालं तरी १८५ लिटर होतात. इंजिनिअरनं फोनवरून उपाय सांगितला आणि तो खरंच चांगला आहे, कुणाला लागला तर करून बघा. पुलाच्या पायरीवर एक बादली ठेवायची, तिच्यात पुलाएवढ्याच पातळीपर्यंत पाणी भरायचं आणि दोन्हीकडं खूण करायची. एका दिवसानं दोन्हीकडं सारखंच कमी झालं तर ऊन पितंय. पुलात जास्त कमी झालं तर गळतंय. बादलीला कुठं भोक नाही, म्हणून ती साक्षीदार.

रात्रभर पुतण्या झोपला नाही. सकाळी सगळे काठावर जमलो. पूल बोटभर खाली. बादली वीतभर खाली.

शास्त्राप्रमाणं याचा अर्थ असा की बादली गळतेय. प्लंबरनं बादली उलटी करून उन्हात धरली. इंजिनिअरला फोटो पाठवला, तो म्हणाला असं होऊ शकत नाही. मेस्त्रींनी मात्र थेट पारिजातकाशेजारच्या तुळशीकडं बघितलं. वृंदावनाची माती ओली होती.

"सकाळी पाणी घालते की मी," आई म्हणाली. "बादली भरलेली दिसली, घेतली."

साक्षीदार फुटला. परीक्षा पुन्हा झाली, या वेळी बादलीवर 'हात लावू नये' असा कागद चिकटवून. ऊनच पीत होतं. पूल निर्दोष सुटला.

एवढ्यात दक्षिणेकडून तक्रार आली. आमच्या परसाखालच्या अंगाला एका निवृत्त तलाठ्यांचं घर आहे. त्यांच्या बागेत पपई, कढीपत्ता आणि वांग्याचे दोन वाफे. पुलाच्या पाण्यासाठी वाळूचा फिल्टर असतो. तो आठवड्याला उलटा धुवावा लागतो, दोन-तीन मिनिटं पाणी उलट्या दिशेनं सोडून. ते गढूळ पाणी पाइपानं बाहेर, आणि बाहेर म्हणजे तलाठीसाहेबांकडं. आधी त्यांनी सांगितलं, पाणी आमच्याकडं सोडू नका. मग वांगी जोमानं धरली तेव्हा काही बोलले नाहीत. मग क्लोरीन जास्त पडलं आणि एक वाफा वाळला तेव्हा पुन्हा बोलले. आणि मेच्या अखेरीला पुतण्यानं फिल्टर धुणं लांबवलं तेव्हा ते कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "पाणी का बंद केलं?"

हे भांडण धर्माबादेत कुणाला शिकवावं लागत नाही. गावाजवळ गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. चौदा दरवाजे, साठवण २.७४ टीएमसी. आम्ही वरचे, खाली तेलंगणात पोचमपाडचं श्रीराम सागर धरण. खालच्यांचं म्हणणं की हे आमच्या ताटातलं आहे, आणि खटला गेला थेट सर्वोच्च न्यायालयात. जुलै २०१० मध्ये आंध्रचे चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांना घेऊन बंधारा बघायला निघाले, त्यांना अडवलं, ताब्यात घेतलं आणि आमच्या गावच्या आयटीआयमध्ये ठेवलं. माजी मुख्यमंत्री मुक्कामाला असण्याचा धर्माबादच्या आयटीआयचा तो एकमेव प्रसंग असावा. त्याच प्रकरणात २०१८ मध्ये धर्माबादच्या न्यायालयानं त्यांच्या नावानं वॉरंट काढलं, तेव्हा ते पुन्हा मुख्यमंत्री होते. आमच्या गावाचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत मिरचीशिवाय दुसऱ्या कशासाठी आलं असेल तर ते पाण्यासाठी.

२८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर. म्हणजे नदीला पाणी असतं त्या दिवसांत अडवायचं नाही. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडायचं. मास्तराची खोड जात नाही, म्हणून हिशेब करून ठेवलाय. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. बंधारा म्हणजे आमचे सव्वाचौतीस लाख पूल. १ मार्चला सोडायचे त्यातले साडेसात लाख.

तलाठीसाहेबांना हा निकाल कलमांसकट पाठ. त्यांनीच तोडगा काढला, आणि आमच्या ओट्यावर, आईच्या अध्यक्षतेखाली, चहा पीत त्यावर सह्या झाल्या. १ जुलै ते २८ ऑक्टोबर पुलाचं पाणी त्यांच्याकडं सोडायचं नाही, कारण तेव्हा त्यांची बाग आधीच तुंबलेली असते. ते गल्लीच्या नालीत जाईल. २९ ऑक्टोबरपासून सगळं त्यांचं, पण क्लोरीन टाकल्यावर दोन दिवस उन्हात उडू द्यायचं आणि मग सोडायचं. १ मार्चला सहा बादल्या जास्तीच्या, पपईसाठी. देखरेख समितीवर आई, मी आणि तलाठीसाहेबांची सून. दोन राज्यांना सात वर्षं लागली, आम्हाला दोन कप चहा लागला. फरक एवढाच की आमच्याकडं वकील नव्हता.

पहिल्यांदा पोहायचा मुहूर्त मृगाच्या आधीचा रविवार. घरचे, नात्यातले, गल्लीतली पोरं, सगळे आले. पाण्याची तपासणी पुतण्यानं स्वतः केली. छोट्या नळीत पाणी, त्यात थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. दुसऱ्या थेंबानं लालसर झालं तर पीएच बरा. आमच्या आईला हे नवीन नव्हतं. "टीसीएल टाकलं का? मग झालं की," ती म्हणाली. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकायचा ते तिच्या लक्षात होतं.

पोरांनी धडाधड मुटके मारले. साडूही आला होता, त्यानं सूर मारला आणि पोट आपटून घेतलं. आनंदीआनंद होता. दहाच मिनिटांत एक पोरगं डोळे चोळत बाहेर आलं. मग दुसरं. मग साडू. मग सगळे. डोळे लाल, नाकं वाहतायत, शिंकांवर शिंका. पुतण्या पांढराफटक पडला. "क्लोरीन जास्त झालं काका."

इथं थोडं शास्त्र सांगतो, कारण फार लोकांचा गैरसमज आहे. तलावात डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो, तो बहुधा क्लोरीन जास्त झाल्यामुळं नव्हे. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन वेगळंच रसायन तयार होतं, ते डोळ्यांना लागतं. मी काठावर उभा राहून मास्तरी आवाजात विचारलं, "कुणी पाण्यात केली?" सगळे गप्प. फक्त साडूचा धाकटा पोरगा, जो अजून पाण्यातच होता, हळूच हनुवटीपर्यंत खाली गेला.

पण तेवढ्यानं एवढं होणार नव्हतं. मग आईनंच हवा हुंगली आणि पश्चिमेकडं बोट केलं. शेजारच्या पत्र्यावर पुतण्याच्याच मालाची उरलेली मिरची वाळत घातलेली होती, आणि वळवाचा वारा सुटला होता. पुलावर बारीक लालसर तवंग आला होता. सगळे पोहणारे आमच्याच तिखटात मुरले होते. सूनबाईंनी पोरांचे डोळे पुसायला टॉवेल आणले, तेही गच्चीवरून, मिरचीशेजारून. यापुढचा अर्धा तास मी लिहीत नाही.

त्याच संध्याकाळी अक्का लातूरहून आली. तिला उशीर झाला हे बरं झालं.

अक्काला पाण्याचं वेगळं दुखणं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आठवत असेल. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली 'जलदूत' पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. तेही मी मोजलंय, आमचे बावीस पूल, आणि त्यावर अख्खं शहर आस लावून बसलेलं. त्या उन्हाळ्यात अक्कानं घरातली कळशी, पातेलं, डबा, फुलदाणी सगळं भरून ठेवलं होतं. एकच पाणी तीनदा वापरायची, आधी अंघोळीला, मग फरशीला, मग संडासात. त्यानंतर पाऊस आला, नळ आले, पण ती सवय गेली नाही. अजूनही तिच्याकडं गेलं तर पेला पूर्ण भरून देत नाही. उरलेलं ओतायचं नाही म्हणून.

ती परसात आली. पूल बघितला. मिरची वाऱ्याला गेली होती, पाणी निवळलं होतं, पिवळा दिवा लागला होता आणि खरं सांगायचं तर सुंदर दिसत होतं. पुतण्या वाट बघत होता की आत्या काय म्हणते. आम्हीही सगळे थोडे घाबरलोच होतो.

अक्का चारी बाजूंनी फिरली. मग म्हणाली, "झाकन कुठाय?"

"कसलं झाकण, आत्या?"

"एवढं पानी उघडं ठेवलंय?"

पुलाला खरोखर झाकण मिळतं. पाणी उडणं बरंच कमी होतं त्यानं. पुतण्यानं मान खाली घालून सांगितलं की ते फिनिशिंगमध्ये आहे.

आई आत गेली होती ती बाहेर आली. तिच्या हातात चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्या होता. एक्केचाळीस वर्षांनंतर ती काय बोलणार, याची मला फार उत्सुकता होती. तिनं तांब्या अक्काच्या हातात दिला आणि म्हणाली, "विहिरीत व्हता."

अक्कानं बुडावरची अक्षरं वाचली. "मंग मी काय म्हनत व्हते?"

"म्हनत व्हतीस," आई म्हणाली, आणि चहा टाकायला वळली. माझ्या माहितीत आईनं मागितलेली ही सगळ्यात लांबलचक माफी आहे.

अक्का पुलात उतरली नाही. ती पायरीवर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि त्या तांब्यानं पायांवर पाणी घेतलं. तीनच तांबे. पाणी पुन्हा पुलातच पडलं, हे तिला विशेष पसंत पडलं असावं. चौथा तांब्या भरून तिनं तुळशीला घातला.

आता १ जुलै उलटून गेला आहे. बाभळीचे दरवाजे वर आहेत आणि आमचा पाइपही करारानुसार गल्लीच्या नालीकडं वळवलेला आहे. झाकणाची ऑर्डर दिली आहे. ती तिरकी शीट काढून सरळ बसवायची, असं पुतण्यानं मनावर घेतलंय, त्यासाठी पाणी दोन फूट उतरवावं लागेल, आणि ते २९ ऑक्टोबरच्या आत तलाठीसाहेब घेणार नाहीत. मेस्त्रींना फोन लावला होता. रेपु येतो म्हणाले.

तुम्हाला पोहायला यायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास जरूर या. स्टेशनवरून कुणालाही मिरचीवाल्याचा पूल विचारा, फक्त 'पोहायचा' म्हणायला विसरू नका, नाही तर थेट गोदावरीवर नेऊन सोडतील. आणि येताना टॉवेल आपापला आणा.